टायटनवरचा फोटो, राहून गेलेली आज्ञा आणि पृथ्वीवरचे कान

१४ जानेवारी २००५. आपल्याकडे संक्रांत होती. त्या दिवशी युरोपीय अवकाश संस्थेचं हायगेन्स यान शनीच्या टायटन या चंद्रावर उतरलं. त्याने टिपलेला तिथल्या जमिनीवरचा फोटो आजही फिरतो, तेव्हा त्यात नेमकं काय दिसतं ते आधी बघू. डावीकडचा मोठा गोटा साधारण १५ सेंमीचा, मधला ४ सेंमीचा, आणि दोन्ही यानापासून जेमतेम ८५ सेंमीवर. नदीपात्रातले वाटतात, पण आहेत पाण्याच्या बर्फाचे. उणे १७९ अंश सेल्सिअसला बर्फ दगडाइतकाच टणक असतो. कडा झिजल्यात त्या वाहत्या द्रव मिथेनमुळे. नारिंगी रंग मात्र कॅमेऱ्याचा नव्हे, वर्णपटाच्या नोंदींवरून नंतर चढवलेला.

३१८ किलोचं हे यान सेकंदाला सुमारे ६ किमी वेगाने वातावरणात शिरलं. उष्णतारोधक कवचाने वेग मारल्यावर आधी २.६ मीटरची छोटी छत्री उघडली, तिने मागचं झाकण ओढून काढलं आणि ८.३ मीटरची मुख्य छत्री बाहेर आली. ही छत्री पंधराच मिनिटांत सोडून दिली. टायटनचं गुरुत्व पृथ्वीच्या सातव्या हिश्शाइतकं आणि हवा दाट. मोठ्या छत्रीवर यान तरंगतच राहिलं असतं आणि जमीन यायच्या आत बॅटरी संपली असती. म्हणून पुढचा प्रवास ३ मीटरच्या छत्रीवर. एकूण उतरण २ तास २७ मिनिटं, टेकताना वेग सेकंदाला ५ मीटरच्या आत.

खरी कसोटी होती रेडिओची. हायगेन्सचा डेटा त्याला शनीपर्यंत घेऊन गेलेल्या कॅसिनी यानाने ऐकायचा, साठवायचा आणि मग अँटेना पृथ्वीकडे वळवून पाठवायचा, अशी व्यवस्था. कॅसिनी सेकंदाला साडेपाच किमी वेगाने जवळ येणार, म्हणजे डॉप्लर परिणामामुळे (अंतर घटत असताना लहरींची कंपनं जलद भासतात) २ गिगाहर्ट्झच्या लहरीत सुमारे ३७ किलोहर्ट्झचा फरक. वाहक लहर, म्हणजे जिच्यावर डेटा चढवतात ती मूळ लहर, पकडायची सोय कॅसिनीच्या रिसीव्हरमध्ये होती. पण त्याच परिणामाने बिट्सचा ठोकाही किंचित जलद होतो, आणि तो जुळवणाऱ्या भागात तेवढी ढील ठेवलीच नव्हती. उड्डाणाआधी याची चाचणी झाली नव्हती. बोरिस स्मेड्स या स्वीडिश अभियंत्याने आग्रह धरून ती करून घेतली. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेतल्या गोल्डस्टोनच्या अँटेनावरून, वाटेत असलेल्या कॅसिनीकडे हायगेन्ससारखा, डॉप्लर मिसळलेला सिग्नल पाठवला, तर लहर सापडली पण डेटा पार विस्कटलेला. रिसीव्हरचा तो भाग दुरून बदलता येत नव्हता, म्हणून मार्गच बदलला. टायटनपासून १,२०० किमीऐवजी सुमारे ६०,००० किमीवरून कॅसिनी आडवं जाईल असं ठरलं. आडवं गेलं की जवळ येण्याचा वेग घटतो, डॉप्लरही घटतो. त्यासाठी उतरण्याची तारीख २७ नोव्हेंबर २००४ वरून जानेवारीत गेली. आमच्या मते या मोहिमेतलं सर्वांत मोठं काम हेच.

दुसरी चूक मात्र निसटली. डेटा अ आणि ब अशा दोन वाहिन्यांवर येणार होता. अ वाहिनीच्या रिसीव्हरचा अतिस्थिर आंदोलक (अचूक ठोका देणारा भाग) चालू करण्याची आज्ञा कॅसिनीच्या आज्ञावलीत घालायची राहिली. बहुतेक उपकरणं दोन्ही वाहिन्यांवर तोच डेटा पाठवत होती, ती वाचली. फोटो मात्र जास्त मिळावेत म्हणून दोन्हींत वाटले होते. सुमारे ७०० पैकी निम्मेच, साडेतीनशेच्या आसपास, हाती आले. लहरीच्या सरकण्यावरून वाऱ्याचा वेग मोजण्याचा प्रयोग तर पूर्णपणे अ वाहिनीवरच होता.

तो वाचवला पृथ्वीवरच्या रेडिओ दुर्बिणींनी. १२० कोटी किमीवरून येणाऱ्या इतक्या क्षीण सिग्नलमधून डेटा वाचता येत नाही, पण फक्त वाहक लहर अगदी अरुंद पट्ट्यात बराच वेळ साठवत गेलं की गोंगाटातून वर येते. अमेरिकेतल्या ग्रीन बँकने ती प्रथम टिपली, पुढे ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सने. तिच्या सरकण्यावरून वाऱ्याचा वेग काढला: १२० किमी उंचीवर सेकंदाला सुमारे १२० मीटर, जमिनीलगत १ मीटरच्या आसपास.

मिळालेले कच्चे फोटो अ‍ॅरिझोना विद्यापीठाने नेटवर टाकले आणि हौशी मंडळी तुटून पडली. फोटो फार लहान: तीन कॅमेऱ्यांचे १६०, १७६ आणि १२८ पिक्सेल रुंद, प्रत्येकी २५६ उंच. यान ठरल्यापेक्षा उलट्या दिशेने फिरायला लागलं होतं आणि सूर्यसंवेदक नीट चालत नव्हता, त्यामुळे कुठला फोटो कुठल्या दिशेचा ते कळेना. मग उपाय एकच. प्रवाहाचे काळे फाटे, उजळ टेकडीची कड अशा खुणा शेजारच्या फोटोत शोधायच्या, आकार कमीजास्त करत कडा जुळवायच्या, उजेडाचा चढउतार सपाट करायचा. काही तासांतच त्यांची जोडचित्रं नेटवर झळकली.

वाहक लहरीची ही युक्ती आपल्याकडेही वापरली गेली. ऑक्टोबर २०१६ मध्ये मंगळावर उतरणाऱ्या स्किआपारेली या युरोपीय यानाचा ४०० मेगाहर्ट्झजवळचा सिग्नल नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने टिपला. हायगेन्सचा २ गिगाहर्ट्झ तिच्या पट्ट्याबाहेरचा होता. स्किआपारेलीची लहर मात्र, जमीन यायला थोडाच वेळ उरला असताना, तिच्या पडद्यावरून अचानक नाहीशी झाली.