गेल्या सप्टेंबरची द्राक्षं

२३ जूनच्या दुपारी पोर्तुगालमधल्या पोर्तोत खिडक्या लावून घेण्यात काही अर्थ नसतो. गल्लीत दारोदारी शेगड्या मांडलेल्या, वर तारल्या भाजत असतात, आणि तो वास कपाटातल्या स्वेटरपर्यंत पोचतोच. रात्री सांव ज्वांवचा सण. खालच्या आजींनी हाक मारली म्हणून गेले तर आधी नजर गेली ती बर्फाच्या बादलीतल्या बाटलीवर. विन्यो व्हेर्द, इथली कोवळी वाईन. ओतली की ग्लासच्या कडेला बारीक बारीक बुडबुडे चिकटतात, शॅम्पेनसारखा फेसाचा गाजावाजा नाही, जिभेवर नुसती चुणचुण, मग आंबटसर, मग तारलीचं तेल धुऊन टाकून मोकळी.

गंमत म्हणजे ही गेल्या सप्टेंबरात वेलीवर होती ती द्राक्षं. हिला मुरायला वेळच देत नाहीत. आणि नदीपलीकडे, व्हिला नोव्हा द गायात, पोर्ट वाईनची पिंपं अंधारात २०-२० नि ४०-४० वर्षं पडून. टूरिस्ट तिकीट काढून ती बघायला जातात, आम्ही अलीकडे फुटपाथवर बसून गेल्याच हंगामाची संपवतोय.

मला तसाही ठेवून देण्याचा राग आहे. आमच्या घरी शोकेसमध्ये सोनेरी कडेचे सहा ग्लास होते, मावशीने दिलेले, "पाहुणे आले की काढू". पाहुणे यायचे, त्यांना स्टीलच्या पेल्यात सरबत मिळायचं, कारण ते काही "तसले" पाहुणे नव्हते. तसले कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. शोकेस गेली, ग्लास कुठे गेले कुणाला माहीत.

मावशी म्हापशाला राहायची. जूनमध्ये शाळा सुरू झालेली असायची तरी एकदा आईनं मला तिच्याकडेच ठेवलं होतं, आणि २४ तारखेला धो धो पावसात वाड्यातले बापये डोक्यावर पानाफुलांची कोपेल घालून विहिरीत धडाधड उड्या मारताना मी पहिल्यांदा बघितले. सांजांव. मावशी हात घट्ट धरून, "कठड्यापाशी जायचं नाही हं", आणि स्वतः मात्र मान लांब करून बघतेय. एक जण वर आला, ओलाचिंब, कोपेल एका कानावर घसरलेली, कुणीतरी त्याच्या हातात फणस दिला, तो इतका हसत होता की फणस खाली पडला. बाटली फिरत होती, फेणीची असणार, आमच्यापर्यंत नुसता वास. सांजांव म्हणजे हाच सांव ज्वांव, बाप्तिस्ता जॉनचा सण, हे मला इथं येऊन डोक्यावर प्लॅस्टिकचा हातोडा बसला तेव्हा कळलं. इथं ओळख असो नसो, येताजाता टाळक्यात हातोडा मारतात. मधेच आजी मांजेरिकूची कुंडी पुढे करतात, तुळशीच्याच जातीचं गोल गुबगुबीत रोप. त्याचा वास नाक लावून घ्यायचा नाही, झाड मरतं म्हणे, हात फिरवायचा आणि हात हुंगायचा.

आजी मिन्योकडच्या, विन्यो व्हेर्द होते त्या उत्तरेकडच्या भागातल्या. त्यांच्या लहानपणी द्राक्षवेली बांधाकडेच्या झाडांवर नाहीतर उंच मांडवावर चढवलेल्या असायच्या, खालची जमीन मका नि कोबीला मोकळी. तांबडी विन्यो व्हेर्द घरी पांढऱ्या चिनीमातीच्या वाडग्यातून प्यायचे आणि वाडग्याला जांभळा डाग पडायचा तो आजी अजूनही बोटानं हवेत काढून दाखवतात. १९०८ साली या भागाची सीमा सरकारनं आखली वगैरे मी कुठेतरी वाचलेलं सांगायला गेले, त्यांना त्यात काडीचा रस नव्हता, त्या ब्रोआ, म्हणजे मक्याचा पाव, कापत होत्या.

त्याच भागातल्या मोन्सांव-मेल्गासूकडची, आल्वारिन्यो जातीच्या द्राक्षांची वाईन मात्र चार-सहा वर्षं ठेवली तर सुधारते असं जाणकार सांगतात. सांगोत. आणि पूर्वी बाटलीतच आंबताना होणारी ती चुणचुण आता बऱ्याच ठिकाणी गॅस सोडून आणतात, त्यावर नाक मुरडणारेही भेटतात. माझं काही म्हणणं नाही. तारल्या ताज्या हव्यात एवढंच, आणि कुणीतरी हातोडा जरा हळू मारा.