गाण्यांची अदलाबदल, आठवडा नववा: इतके दिवस बेस होता कुठे?

मागे लिहिलं होतं तसं आम्ही चौघांनी ठरवलंय की आठवड्याला प्रत्येकाने एकच गाणं पाठवायचं, नुसतं "ऐक, भारी आहे" चालणार नाही, नक्की काय ऐकायचं तेही सांगायचं, आणि बाकीच्यांनी तीनदा ऐकल्याशिवाय मत द्यायचं नाही. नऊ आठवडे झाले आणि प्रकार चक्क अजून चालू आहे. मधे एकदा दोघांनी दांडी मारली, ते सोडा.

आधी कबुली देऊन टाकतो. मी पक्का रॉकवाला, गिटार ओरडली नाही तर माझं लक्षच लागत नाही, आणि फंक, म्हणजे बेस गिटारच्या खालच्या सुरांवर आणि ठेक्यावर चालणारं अमेरिकन संगीत, माझ्या मते एकच तुकडा सहा मिनिटं घोळवत बसायचं काम. चौथ्या आठवड्यात तसं लिहिलंही ग्रुपवर. आमच्यातला फंकवाला (बेस शिकतो, तीन वर्षं शिकतोच आहे) भांडेल असं वाटलं होतं, पण त्याने फक्त विचारलं, "ऐकतोस कशावर?" म्हटलं फोनवर, भांडी घासताना. "स्पीकरवर??" हो. मग जी काही हसायच्या इमोजींची रांग लागली ती विचारू नका.

त्याचा मुद्दा खरा होता पण. बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की स्वर येतो ४१ हर्ट्झच्या आसपास, फोनचा इवलासा स्पीकर तिथवर पोचतच नाही, वरवरची टकटक तेवढी ऐकू येते. म्हणजे मी फंकमधून फंक गाळून ऐकत होतो आणि वर म्हणत होतो की यात काही नाही.

मग जुने हेडफोन शोधले, एका बाजूचा फोम निघालाय, असो. पहिलं ऐकलं स्लाय अँड द फॅमिली स्टोनचं १९६९ चं 'थँक यू'. बेसवर लॅरी ग्रॅहम. हा माणूस लहान वयात आईबरोबर वाजवायचा, आई पियानोवर, आणि त्यांच्या त्या बँडमधला ड्रमर गेल्यावर ती जागा भरायला याने अंगठ्याने तार ठोकून किक (पायाने वाजतो तो मोठा ड्रम) काढली आणि बोटाने तार ओढून सोडून स्नेअर (काठीने वाजतो तो कडक आवाजाचा ड्रम). स्लॅप म्हणतात ते तिथनं आलं. हे माहीत झाल्यावर परत ऐकलं तर बेस नाहीच वाटला, कुणीतरी तारांवर ड्रम वाजवतंय असंच वाटलं, आणि त्या रात्री ते गाणं अकरा वेळा वाजलं घरात.

पुढच्या आठवड्यात 'द वन' चा तास. रॉकमध्ये टाळी दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर पडते, फंकचा बाप समजला जाणारा गायक जेम्स ब्राऊन, त्याचा आग्रह पहिल्या मात्रेवर, तीच 'द वन'. बेसवाला बूट्सी कॉलिन्स १९७० मध्ये त्याच्या बँडमध्ये आला, वर्षभरही टिकला नाही, पण हा धडा घेऊन जॉर्ज क्लिंटन या दुसऱ्या फंकवाल्याच्या बँडमध्ये गेला. मला हे कळेना, तेव्हा फंकवाला वैतागून म्हणाला, "अरे सम आहे ती, सम! मधे काय वाट्टेल ते कर, समेवर घरी ये." हे आधी सांगितलं असतं तर चार आठवडे वाचले असते.

लगेच माझी परीक्षा पण झाली. फंकवाल्याने स्टीव्ही वंडरचं १९७२ चं 'सुपरस्टिशन' पाठवलं आणि विचारलं, बेस गिटार कशी वाटली? मी आता जाणकार ना, लिहिलं की काय जाड टोन आहे, बोटाने वाजवलीय नक्की. उत्तर आलं, बेस गिटार नाहीच आहे त्यात, मूग सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) आहे, वाजवलाय स्टीव्ही वंडरनेच, क्लॅव्हिनेटही (तारांचा इलेक्ट्रिक कीबोर्ड) त्याचाच आणि ड्रमसुद्धा त्याचेच. बोटाने वाजवलंय हे तरी बरोबर आलं.

इंडीवाली आमची वेगळ्याच दुनियेत. तिच्यासाठी इंडी (म्हणजे मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांशिवाय काढलेलं संगीत) हा आवाज नाहीच, कुणी कसं काढलं तो प्रश्न आहे. बझकॉक्स या इंग्लिश पंक बँडची १९७७ ची 'स्पायरल स्क्रॅच' ही रेकॉर्ड पाठवली, चार गाणी, उसने पैसे घेऊन स्वतःच्याच लेबलवर काढलेली. त्यातल्या 'बोरडम' मधला गिटार सोलो फक्त दोन सुरांचा आहे! तेच दोन, परत तेच दोन. पहिल्यांदा चिडलो, तिसऱ्यांदा हसू आलं. मला आवडलं म्हणणार नाही, पण डोक्यातनं जात नाहीये.

मी स्वतः लेड झेपेलिनचं १९७१ चं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' दिलं. जॉन बॉनमचे ड्रम जिन्याच्या तळाशी मांडलेले आणि माइक वर लटकवलेले, तो जो घुमारा आहे ना तो त्या जिन्याचा आहे. मूळ गाणं १९२९ चं, मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो यांचं, मिसिसिपीच्या १९२७ च्या पुरावरचं. आमच्यातला चौथा, ड्रमवाला, खूश, इंडीवालीने "लांबलं" एवढंच लिहिलं. तीनदा ऐकलं का विचारलं तर उत्तर नाही.

आणि सध्या अडकलोय ड्रमवाल्याने दिलेल्या गृहपाठात. पिंक फ्लॉइडचं 'मनी', १९७३. सात मात्रांची चाल, बोटं मोजत ऐकायचं. चार अधिक तीन असं धरलं की जमतं, सॅक्सोफोनच्या सोलोतही सातच राहतात, पण गिटार सोलो आला की गाणं चारात जातं आणि तिथे मी एकदम निवांत होतो, कारण चार म्हणजे आपलं घर. मग ते परत सातात वळतं आणि मी आपला आठ मोजतोय. काल रात्री तीनदा ऐकलं, दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा बहुतेक बरोबर आलं पण मोजण्याच्या नादात सोलोच ऐकायचा राहिला.