पाहुणा नाही, इथेच राहिलेला

बाहेरून आलेल्यांबद्दल राग निघाला की कोणीतरी हमखास ‘अतिथी देवो भव’ म्हणतं. तैत्तिरीय उपनिषदातलं हे वाक्य मला मनापासून आवडतं, पण खरं सांगते, इथे ते पुरत नाही. अतिथी येतो, जेवतो, जातो, त्याच्यावर कोण कशाला चिडेल? आपण चिडतो ते येऊन राहिलेल्यावर, जो शेजारी घर घेतो, ज्याची मुलं आपल्या मुलांच्या वर्गात बसतात, ज्याची भाषा बसमध्ये कानावर पडते आणि उगाच खटकते.

म्हणून मला ‘तोरा’ या ज्यूंच्या धर्मग्रंथातलं लेवीय १९:३४ हे वचन जास्त थेट भिडतं. तिथला हिब्रू शब्द आहे ‘गेर’, म्हणजे तुमच्यात येऊन राहिलेला परका. त्याला तुमच्यातलाच धरा, त्याच्यावर स्वतःसारखं प्रेम करा, आणि कारण काय दिलंय, तर तुम्हीपण इजिप्तमध्ये परकेच होतात. दया करणारा कसा वरच्या पायरीवर उभा राहतो ना, इथे ती पायरीच काढून घेतलीये. परक्याला छळू नका हे तोरात ३६ वेळा आलंय, काहींच्या मते ४६ वेळा, असं तालमूद या ज्यूंच्या धर्मचर्चेच्या ग्रंथात मोजून ठेवलंय. एकदा सांगून माणूस ऐकत नाही हे तेव्हाही माहीत असणार.

इस्लामच्या सुरुवातीच्या इतिहासातपण हेच दिसतं, ६१५ च्या सुमारास मक्केत छळ झालेले मुसलमान अॅबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या भागात गेले, तिथला राजा नजाशी ख्रिश्चन, मक्केवाले नजराणे घेऊन मागोमाग आले की ही माणसं आमच्या ताब्यात द्या, तर त्याने आधी त्या आश्रितांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि मग नजराणेच परत पाठवले.

आता धर्माच्याच नावाने माणसं हाकललीपण गेलीत, १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना काढलं ते तसंच, हे मी नाकारत नाही. ग्रंथ सगळ्यांकडे असतात, आठवण फार थोडे ठेवतात.

फ्रान्समधल्या ल शांबों गावाने ठेवली. तिथले प्रोटेस्टंट लोक, त्यांच्या पूर्वजांनी छळ सोसून लपूनछपून प्रार्थना केलेल्या, दुसऱ्या महायुद्धात त्यांनी आणि आसपासच्या गावांनी हजारो निर्वासित लपवले, त्यात बहुतेक ज्यू. १९४२ मध्ये अधिकाऱ्यांनी ज्यूंची नावं मागितली तेव्हा पास्टर आंद्रे त्रोक्मे म्हणाले, ज्यू म्हणजे काय आम्हाला माहीत नाही, आम्हाला माणसं माहीत आहेत. त्यांचा नातलग दानिएल तिथे निर्वासित विद्यार्थ्यांचं वसतिगृह बघायचा. १९४३ मध्ये त्या मुलांसोबत त्यालाही पकडून नेलं. पुढच्या वर्षी मायदानेकच्या नाझी छळछावणीत त्याचा जीव गेला.