१९८ चा भरवसा

टोटल कोलेस्टेरॉल १९८. दोनशेच्या आत. त्या एका आकड्यावर मी वर्षभर बिनघोर होतो. रविवारी मटण, तांबडा-पांढरा मागून मागून, आणि रिपोर्टच्या खालच्या ओळी वाचायच्या नाहीत. उद्यमनगरात लेथवर केसभर फरकासाठी जॉब बाद करणारा माणूस मी!

यंदाही आकडा तोच आला. बायकोनं मात्र कागद उचलून डॉक्टरांसमोर ठेवला. त्यांनी आधी वडिलांचं विचारलं. वडिलांना ५२ व्या वर्षी अटॅक आला होता. मग कागद उलटा करून त्यांनी वजाबाकी मांडली. टोटल १९८, त्यातलं एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ३३. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २१०; तिच्यासोबत फिरणारं कोलेस्टेरॉल अंदाजे पाचवा हिस्सा, ४२. राहिलं वाईट, म्हणजे एलडीएल, १२३.

"एलडीएल शंभराच्या आत हवं, पुरुषाचं एचडीएल चाळीसच्या वर. तुमची बेरीज बरी दिसते, कारण त्यात चांगलं कोलेस्टेरॉलच कमी पडलंय."

मी गप्पच झालो.

कोलेस्टेरॉल खरं तर एकच असतं, हेही तेव्हा कळलं. ते रक्तात विरघळत नाही, म्हणून गाड्यांत भरून फिरतं. एलडीएल नावाच्या गाड्या माल शरीरभर नेतात. त्या जास्त झाल्या की रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून अडकतात आणि तिथं थर धरतो. एचडीएल सांडलेला माल उचलून परत लिव्हरकडं नेतं. सीझनमध्ये ट्रॉल्यांतून रस्त्यावर पडलेला ऊस माझ्या डोळ्यांसमोर आला.

"मग चांगलं वाढवायची गोळी द्या की," मी म्हटलं. डॉक्टर हसले. औषधांनी एचडीएलचा आकडा वाढवून बघितलाय, पण त्यानं अटॅक कमी झाले नाहीत, म्हणाले. खरं काम एलडीएल उतरवायचं. घरची पार्श्वभूमी बघून त्यांनी स्टॅटिन नावाचं औषध लिहून दिलं. ते लिव्हरमधलं कोलेस्टेरॉलचं उत्पादन कमी करतं, मग लिव्हर रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेतं. अंग दुखलं तर कळवा, मनानं बंद करू नका, अशी तंबीही मिळाली.

मटण पूर्ण बंद झालं नाही. महिन्यातून दोनदा, चरबी काढून. सिगारेट सुटली, तीच सगळ्यात जड गेली. 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलेली महाग तेलाची बाटली मात्र मी उगाच आणली होती. वनस्पती तेलात ते नसतंच मुळी, शेंगतेलातही नाही!

तीन महिन्यांनी टोटल १४८, ट्रायग्लिसराइड १५०, एलडीएल ८३. एचडीएल फक्त ३५. मी जरा हिरमुसलो.

"चालायला म्हणून रंकाळ्यावर जाताय आणि भेळ खाऊन येताय," बायको म्हणाली.

"भेळेत कोलेस्टेरॉल नसतं."

"आणि ट्रायग्लिसराइड?"