हजाराचे चार रुपये: मावशीबरोबर अकरा दिवस लाओसमध्ये

लाओसहून आल्यापासून ऑफिसात आणि नात्यात मला एकच प्रश्न विचारतात, "स्वस्त आहे ना गं तिकडे?" आहे आणि नाही. एवढ्यावर कोणाचं समाधान होत नाही, म्हणून हे सगळं लिहून काढतेय.

आम्ही दोघी गेलो होतो. मी मुलुंडची, खाजगी नोकरीतली, वर्षभराच्या सुट्ट्या बोटांवर मोजणारी. आणि मावशी, वय ६२, राहणार लालबाग. पालिकेच्या रुग्णालयात ऑर्थोपेडिक वॉर्डात सिस्टर म्हणून उभी हयात काढली. युरोपच्या ग्रुप टूरचे आकडे बघून ती म्हणाली, "एवढ्या पैशात मला बसमधून चर्च दाखवणार? नको. गरीब देश शोध, तिथे आपण जरा ऐटीत राहू." ऐट काही जमली नाही, ते पुढे येईलच.

लाओस आकाराने महाराष्ट्रापेक्षा लहान आणि अख्ख्या देशाची लोकसंख्या मुंबईपेक्षा कमी, पाऊण कोटीच्या आसपास. समुद्र नाही. आम्ही नोव्हेंबरच्या शेवटी गेलो. पाऊस संपलेला असतो, झरे-धबधबे भरलेले असतात आणि उकाडा सोसण्यासारखा असतो. मार्च-एप्रिलमध्ये जाऊ नका. डोंगरातली शेतं जाळतात, त्या धुरात समोरचा डोंगर दिसत नाही. आणि "उष्ण कटिबंध आहे, स्वेटर कशाला" हे मी मावशीला सांगितलं ते चुकलं. उत्तरेकडच्या लुआंग प्रबांगला पहाटे तिने माझी शाल काढून घेतली.

मुंबई-बँकॉक विमान साधारण साडेचार तासांचं. तिथून थायलंडची रात्रीची रेल्वे धरून सकाळी नाँग खाय या सीमेवरच्या गावी उतरलो. खालचा बर्थ थोडा महाग पडतो, पण आपल्या स्लीपरपेक्षा रुंद असतो आणि माणूस येऊन गादी घालून जातो. मावशीने त्याला उगाच मदत केली. चादरीचे कोपरे दुमडण्याची इस्पितळातली सवय, दुसरं काय.

नाँग खायपासून मेकाँगवरचा मैत्रीपूल जवळच आहे. १९९४ साली झाला. तो पायी ओलांडता येत नाही, पुलावर ये-जा करणारी बस असते. इथे एक जपा. स्टेशनबाहेरचा टुकटुकवाला तुम्हाला थेट पुलाशी न नेता "व्हिसा ऑफिस" म्हणून एका दुकानात नेतो आणि तिथे फॉर्म भरून द्यायचे पैसे मागतात. आमच्यावर हा प्रयोग झाला. मावशी टुकटुकमधून उतरलीच नाही. "ब्रिज, ब्रिज" एवढंच म्हणत हाताची घडी घालून बसून राहिली, शेवटी त्याने गाडी वळवली. भारतीयांना व्हिसा पलीकडे पुलाच्या टोकाला मिळतो, फॉर्म फुकट असतो. फी ४०-५० डॉलरच्या घरात धरा, एक फोटो ठेवा आणि डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या. शाई लागलेली, कोपरा फाटलेली नोट कोणी घेत नाही. मुंबईत डॉलर घेताना तिथल्या तिथे उजेडात धरून बघा, लाजू नका.

आता पैसे. तिथे किप चालतात, नाणी नाहीतच, नुसत्या नोटा. शंभर डॉलर मोडले की वीस लाखांच्या वर हातात येतात. पहिल्या दिवशी आम्ही लखपती म्हणून हसलो, दुसऱ्या दिवशी हिशेबात वेड लागायची पाळी आली. मग मावशीनेच युक्ती काढली: हजाराचे चार रुपये. तीस हजारांचं सूप म्हणजे एकशेवीस. अडीच लाखांची खोली म्हणजे हजार. अगदी काटेकोर नाही, पण रस्त्यावर उभं राहून तोंडी करायला पुरतं.

जुनी माहिती वाचून बजेट आखू नका, हे मात्र बजावून सांगते. २०२१च्या सुरुवातीला डॉलरला ९,३०० च्या आसपास किप मिळायचे, आम्ही गेलो तेव्हा २१ हजारांच्या वर. म्हणजे डॉलर घेऊन जाणाऱ्याला देश स्वस्त झाला आणि किपमध्ये पगार घेणाऱ्याचा पगार अर्ध्याहून खाली आला. लुआंग प्रबांगला आमच्या घरमालकिणीने हे बोटांवर करून दाखवलं. तिची मुलगी पलीकडे थायलंडात हॉटेलात काम करते आणि बाट पाठवते, त्यावर घर चालतं. पेट्रोल, औषधं, साबण, शांपू, बरंचसं बाहेरूनच येतं. आमचा खर्चही त्याच रेघेवर चालला. जे तिथल्या माणसाच्या हाताने होतं ते स्वस्त: खोली, सूप, कपडे धुणं, विणलेली शाल. जे सीमेपलीकडून येतं ते मुंबईपेक्षा महाग: डासांचं मलम, सनस्क्रीन, बिस्किटं, सॅनिटरी पॅड. हे सगळं घरून न्या. आणि जेवणात फार बचत होईल असं समजू नका. वडापाव-उसळपाव खाणाऱ्या माणसाला दीडशे रुपयांचा नाश्ता स्वस्त वाटतच नाही. युरोपातून आलेली मुलं ज्या किमती बघून टाळ्या पिटतात, त्या बघून आम्ही दोघी एका वाटीत दोन चमचे मागवत होतो.

व्हिएनतियान राजधानी, पण जीव तालुक्याच्या गावाएवढा. पातुसाय नावाची कमान आहे, १९५७ ते १९६८ या काळात बांधलेली; अमेरिकेने विमानतळाच्या धावपट्टीसाठी दिलेलं सिमेंट तिच्यात गेलं म्हणून तिला उभी धावपट्टी म्हणतात. एक तास पुरे.

वेळ राखून ठेवा तो कोप केंद्रासाठी, म्हणजे बॉम्बने हातपाय गेलेल्यांना कृत्रिम अवयव देणाऱ्या संस्थेच्या प्रदर्शनासाठी. प्रवेश फुकट आहे. १९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत अमेरिकेने या चिमुकल्या देशावर २० लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले, ५,८०,००० फेऱ्या करून. त्यातल्या क्लस्टर बॉम्बच्या पोटात लिंबाएवढे-मोसंबीएवढे छोटे गोळे होते, सुमारे २७ कोटी, आणि अंदाजे ३० टक्के फुटलेच नाहीत. शेतात नांगर लागला, पोराला चेंडू वाटला की ते आजही फुटतात. त्यांना तिथे बॉम्बी म्हणतात. केंद्रात छताला कृत्रिम पाय टांगलेत. कारखान्यात केलेले नव्हेत, गावकऱ्यांनी स्वतःच जुळवलेले, लाकडाचे, धातूच्या पत्र्याचे. मी फोटो काढून पुढे गेले. मावशी तिथेच. मागे येऊन बघते तर ती मान वर करून एका पायाच्या वरच्या तोंडाकडे, जिथे मांडी टेकते तिथे, बघत होती. आत कापड कोंबून कोंबून काळं झालेलं. "रोज जखम होत असणार याला," म्हणाली, "तरी वापरलाय. टाच बघ किती झिजलीय." बाहेर येऊन तिने दानपेटीत लाखभर किप टाकले आणि हजाराचे चार रुपये केले नाहीत. झियांग खुआंगकडे, म्हणजे दगडी रांजणांच्या पठाराकडे, जाणार असाल तर मळलेली वाट सोडू नका. तिथे जमिनीत लाल-पांढऱ्या खुणा असतात, पांढऱ्या बाजूची जागा साफ केलेली. लघवीला म्हणून झुडपात शिरणं ही आपल्याकडची सवय तिथे चालत नाही.

वांग वियेंगचे चुनखडीचे सुळके सुंदर आहेत आणि गाव पार्ट्यांचं आहे. एवढंच सांगते: नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथे भेसळीच्या दारूने, मिथेनॉलचा संशय होता, सहा परदेशी पर्यटक मेले. फुकट मिळणारा घोट घेऊ नका, बाटलीबंद बिअर प्या. दवाखान्यांची अवस्था बेताची आहे, गंभीर काही झालं की पूल ओलांडून थायलंड गाठावं लागतं. त्यामुळे प्रवास विमा काढताना रुग्णाला दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च त्यात आहे का ते वाचा. विम्यावर वाचवलेले हजार रुपये ही बचत नव्हे.

३ डिसेंबर २०२१ पासून तिथे चीनने बांधलेली रेल्वे धावते. व्हिएनतियान ते लुआंग प्रबांग दोन तासांत, पूर्वी याच प्रवासाला घाटातून दिवस जायचा. पण तिकिटं थोडेच दिवस आधी खुली होतात आणि पटापट जातात. स्टेशनं गावापासून लांब आहेत, तिथवरची व्हॅन हिशेबात धरा. आत जाताना सामान तपासतात. सुरी, स्प्रे चालत नाही. नियम लिहिलेला होता, आम्हीच वाचला नव्हता. परतीच्या वेळी मावशीची फळं कापायची सुरी, तेवीस वर्षांची, तिथेच राहिली. अजून तिचं नाव निघतं.

वांग वियेंगहून वर लुआंग प्रबांगला जायला रेल्वेचं तिकीटच मिळालं नाही, म्हणून व्हॅन. चौदा माणसं, छपरावर कोंबड्या, आणि कासी गावाच्या पुढे घाटात टायर गेला. जादा टायर होता, पण त्याच्यातही हवा नव्हती. ड्रायव्हर एका दुचाकीवाल्याच्या मागे बसून टायर मांडीवर घेऊन गेला तो तीन तासांनी आला. कोणी आवाज चढवला नाही, कोणी घड्याळ बघितलं नाही. मीच काय ती फेऱ्या मारत होते. आमच्या शेजारच्या बाईने वेताची छोटी टोपली उघडली. त्यात चिकट भात असतो, खाओ नियाओ. चिमूट तोडायची, बोटांनी लाडू वळायचा, कशात तरी बुडवायचा. तिने टोपली पुढे केली. तिच्याकडे बुडवायला मिरचीचं काहीतरी होतं, वासावरून मासळी. त्या दिवशी गुरुवार! मावशीने पिशवीतून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढली, लसणाची, झणझणीत. बाईने लाडू चटणीत दाबला, तोंडात टाकला, दोन क्षण थांबली आणि म्हणाली, "सॅप!" म्हणजे चविष्ट. मग पुडी व्हॅनभर फिरली. परत आली तेव्हा कागदाला तेल तेवढं उरलं होतं.

म्हणून शाकाहाऱ्यांना सांगते, कोरड्या चटण्या, मेतकूट आणि खाकरे न्या. भात कुठेही मिळतो. "किन जे" म्हणजे शाकाहारी, पण रस्त्यावरच्या टपरीत त्याचा अर्थ मांसाचा तुकडा नाही एवढाच होतो, मासळीचं आंबवलेलं पाणी असतंच. त्याला पादेक म्हणतात. पपईचं सॅलड घेताना "बो साय पादेक", पादेक घालू नका, असं म्हणा आणि विकणारी ते घालत नाही ना हे बघत उभ्या राहा.

लुआंग प्रबांगला चार रात्री राहिलो, सहा राहायला हव्या होत्या. १९९५ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. रोज पहाटे भगव्या वस्त्रांतले भिक्खू अनवाणी रांगेने येतात आणि बायका गुडघ्यावर बसून त्यांच्या पात्रात भाताचा घास घालतात. मावशी म्हणाली, "ही तर माधुकरी." आम्ही रस्त्याच्या पलीकडे उभ्या राहिलो, तिथेच उभं राहायचं असतं. भिक्खूंच्या तोंडावर फ्लॅश मारणारे पर्यटक तुम्हाला दिसतील. मुख्य रस्ता सोडून मागच्या गल्लीत जा, तिथे शांतपणे बघता येतं. क्वांग सीचा धबधबा ३० किलोमीटरवर, शेअर व्हॅनने सकाळी पहिल्या फेरीत जा. दहानंतर दादरचा पूल होतो. स्कूटर घ्यायची असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याआधी आरटीओतून काढा, पासपोर्ट तारण ठेवू नका, आणि वाहतूक उजवीकडून असते हे प्रत्येक वळणावर स्वतःला सांगा. मी एकदा विसरले. एकदाच.

रात्रीच्या बाजारात मावशीने एका शालीसाठी दहा मिनिटं घासाघीस केली. मराठीत. समोरची लाओमध्ये. मध्ये कॅल्क्युलेटर. शेवटी दहा हजार उतरवले. चार पावलं चालल्यावर थांबली. "चाळीस रुपये?" मी मान हलवली. परत जाऊन पैसे देऊ या का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "आता देऊ नकोस, तिला अपमान वाटेल. अजून एक शाल घेऊ." दुसऱ्या शालीला तिने भाव केलाच नाही. आता घरात दोन शाली आहेत आणि दोन्ही मावशीकडे आहेत.

हिशेब माणशी: विमान २१ हजार, थायलंडची रेल्वे जाऊन-येऊन पाच, व्हिसा चारच्या आत, आठ रात्रींच्या खोलीचा अर्धा वाटा साडेचार, खाणं सात, आतला प्रवास साडेचार, तिकिटं-विमा मिळून तीनच्या खाली. पन्नासच्या आत बसलं. फक्त यात मावशीची सुरी धरलेली नाही.

उरलेले किप तिथेच संपवा. आमच्याकडे सदतीस हजार राहिले. दादरला मनी चेंजरने नोटा उलटसुलट केल्या, शेजारच्याला दाखवल्या आणि काचेखालून परत सरकवल्या. मावशीने त्या पासपोर्टच्या कव्हरात घालून ठेवल्यात. दक्षिणेला चंपासकमध्ये वाट फू म्हणून डोंगराच्या कुशीत जुनं शंकराचं देऊळ आहे, आपलं पुरातत्त्व खातं तिथे डागडुजीचं काम करतंय, हे मी तिला परतीच्या विमानात सांगून बसले. त्या दिवसापासून ती दर सोमवारी माझ्या उरलेल्या सुट्ट्या विचारते.