आरडी ३५०: डावा पिस्टन पुन्हा सीझ, पण या वेळी कारण हाती लागलं

मंडळी, मधे बरेच दिवस काही लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं एवढंच होतं की माझ्या आरडी ३५० चा (यामाहाची दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक मोटारसायकल) डावा सिलिंडर परत सीझ झाला, म्हणजे पिस्टन आत घासून अडकला, आणि नवीन बोअर केलेल्या इंजिनाबद्दल हे लिहायला हातच जात नव्हता. काल रात्री कारण सापडलं म्हणून आज सगळं सविस्तर.

मागच्या वेळी सांगितलं तसं दोन्ही ब्लॉक दुसऱ्या ओव्हरसाईजला नेले होते (भोक घासून मोठं करायचं आणि तेवढा मोठा पिस्टन टाकायचा), बोअर ६४ मिमीचा ६४.५०, स्ट्रोक ५४ तोच, म्हणजे ३४७ सीसीचे आता ३५३. क्रँकची सीलं नवी, पोर्टिंग आणि एक्स्पान्शन चेंबर आधीचेच, तेल प्रीमिक्स, म्हणजे पेट्रोलमधेच मिसळलेलं (आधीच्या मालकाने इंजिनाला वेगळं तेल देणारा ऑटोल्यूब पंप काढून टाकलाय, ते लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे). रनिंग-इन नीट झालं, फुल थ्रॉटलला ओढून पाहिली, मस्त. आणि मग एका लांब सरळ रस्त्यावर, पाव थ्रॉटल, एकसारखा स्पीड, कसलीही घाई नाही, तेव्हा डावी बाजू हळूच मऊ पडली आणि क्लच दाबेपर्यंत मागचं चाक चिरकलं.

हेड उतरवलं, ब्लॉक काढला. डाव्या पिस्टनला एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे आणि वरची रिंग तेवढ्याच भागात खाचेत दबून बसलेली. बाकी पिस्टन स्वच्छ. चारही कोपऱ्यांवर खुणा असत्या तर क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली फट) कमी किंवा थंड इंजिन ताणलं असं म्हणता आलं असतं, इनटेकच्या बाजूला स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या भागावर) असत्या तर तेलाकडे बोट दाखवलं असतं, क्राउनच्या (पिस्टनच्या डोक्याच्या) मधोमध भोक असतं तर प्री-इग्निशन (ठिणगीआधीच पेट घेणं), कडा खरबरीत खाल्लेल्या असत्या तर डिटोनेशन (मिश्रणाचा स्फोटासारखा भडका). यातलं काहीच नाही. फक्त एक्झॉस्ट, फक्त डावीकडे. म्हणजे लीन (मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी), आणि तेही एकाच सिलिंडरला.

आधी आनंदाची गोष्ट सांगतो, बोअर वाचला. लायनरवर ॲल्युमिनियमचा थर चिकटला होता तो कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने उतरवला. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं आणि बीडाच्या लायनरला हात लावत नाही, पण ब्लॉकच्या फिन्सही ॲल्युमिनियमच्याच आहेत, त्यामुळे कापसाच्या काडीने फक्त डागावर, हातमोजे आणि चष्मा घालून, आणि नंतर भरपूर पाणी. थर गेल्यावर खाली होनिंगच्या (बोअरला घासून दिलेल्या) तिरक्या रेघा अजून शाबूत दिसल्या तेव्हा जे वाटलं ते तुम्हाला सांगायला नको. हलकं होन, पोर्टच्या कडांना परत चॅम्फर (उतार), बोअर गेजवर ६४.५१ मिमी, वर-मधे-खाली सारखा. तिसरं ओव्हरसाईज सध्या तरी टळलं.

नवा पिस्टन मात्र एकदा परत पाठवावा लागला. शिक्का ६४.५० चा होता पण स्कर्टला, पिनच्या काटकोनात, मायक्रोमीटर लावला तर शिक्क्याच्या हिशोबापेक्षा ०.०२ ने लहान. पुरवठादाराचं म्हणणं तेवढं चालतं. मला नाही चालत. दुसरा आला तो ६४.४६ भरला, क्लिअरन्स ०.०५, कास्ट पिस्टनला मी याच्यावर खूश आहे. फोर्ज्ड घ्या असं तुमच्यातले काहीजण म्हणाले होते, पण फोर्ज्ड जास्त फुगतो म्हणून क्लिअरन्स वाढवावा लागतो, आणि लीनचं मूळ सापडल्याशिवाय महागातला पिस्टन टाकणं म्हणजे तोही त्याच रस्त्याने पाठवणं. आणि कृपा करून बोअर व्हर्नियरने मोजू नका, कितीही चांगला असो, ते त्याचं काम नाही. सर्कलिप नवेच टाकले, जुने परत वापरणाऱ्यांशी माझं पटत नाही.

आता मुख्य दुखणं. सगळ्यांचं पहिलं उत्तर होतं कार्बोरेटरचं (पुढे नुसतं कार्ब) मेन जेट वाढव, म्हणजे पेट्रोल जास्त जाईल. पण सीझ झाला पाव थ्रॉटलला, तिथे मेन जेटचं फारसं चालतच नाही, तो भाग पायलट जेट, स्लाइडचा (थ्रॉटलने वर-खाली होणाऱ्या पडद्याचा) कटअवे आणि नीडलचा. शिवाय फुल थ्रॉटलचा प्लग चॉप (फुल थ्रॉटलवरून एकदम इंजिन बंद करून प्लगचा रंग बघणं) केला होता तेव्हा दोन्ही प्लगचा रंग सारखाच होता. मग टायमिंग. दोन्ही पॉइंट वेगवेगळे लावायचे असतात त्यामुळे एक पुढे गेला असेल असा संशय होता, डायल गेजवर दोन्ही टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असण्याच्या जागेच्या) आधी बरोबर २.० मिमी. तेल वाढव असंही कुणी म्हणालं, पण प्रीमिक्समधे तेल वाढवलं की तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल कमी होतं, म्हणजे अजून लीन.

राहिली हवेची गळती. मॅनिफोल्ड (कार्ब जिथे बसतो तो सिलिंडरचा तोंडाचा भाग) आणि एक्झॉस्ट बंद करून प्रेशर टेस्ट लावली, दोन्ही सिलिंडर एकदम, कारण क्रँकच्या मधलं, दोन्ही सिलिंडरच्या मधे येणारं लॅबिरिंथ सील काही हवाबंद नसतं आणि एकाच बाजूला प्रेशर दिलं तर ते दुसरीकडे जातं आणि आपण उगाच सील बदलत बसतो. ६ पीएसआय भरलं, सहा मिनिटं काटा ढिम्म हलला नाही. साबणाचं पाणी सगळीकडे फिरवलं, एक बुडबुडा नाही. डाव्या बाजूचं जनरेटरमागचं सील हा माझा पक्का संशयित होता, तो सुटला. खरं सांगतो, टेस्ट पास झाल्याचं दुःख पहिल्यांदाच झालं.

इंजिन बांधलं, पण रस्त्यावर न्यायची हिंमत नव्हती, स्टँडवरच आयडलला ठेवून कार्ब लावत बसलो. आणि तिथे एक गोष्ट खटकायला लागली, उजव्या कार्बचा एअर स्क्रू दीड फेऱ्यावर छान बसत होता आणि डाव्याचा जेमतेम अर्ध्या फेऱ्यावर, जवळजवळ बंद. एअर स्क्रू बंद म्हणजे रिच (पेट्रोल जास्त), म्हणजे डाव्या बाजूला कुठूनतरी जास्तीची हवा येतेय आणि मी ती स्क्रूने झाकतोय. थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम वरच रेंगाळायचे तेही त्यातलंच. जेट, नीडल, स्लाइड डावीकडचे उजवीकडे केले, फरक डावीकडेच राहिला. फ्लोट लेव्हल सारखी.

मग डोक्यात आलं की प्रेशर टेस्टला मी बंद केला होता मॅनिफोल्ड. कार्ब तर टेबलावर काढून ठेवलेले! म्हणजे स्लाइडच्या पुढचा कार्बचा भाग त्या टेस्टमधे आलेलाच नव्हता. तापलेल्या इंजिनवर क्लीनर फवारणं मला आवडत नाही, आगीशी खेळ आहे, म्हणून बोटावर ग्रीस घेतलं आणि आयडलला चालू इंजिनवर एकेक सांधा लिंपत गेलो. रबराची कड, काही नाही. क्लॅम्पची जागा, काही नाही. ऑटोल्यूबच्या तेलाची नळी जिथे यायची तो पितळी निप्पल, त्यावर बसवलेली रबरी टोपी, तिला ग्रीस लागलं आणि आवाज लगेच बदलला, आरपीएम खाली बसले.

टोपी काढली तर पेट्रोल आणि उष्णतेने वाळून कडक झालेली आणि मागच्या बाजूने उभी चिरलेली, गाडीवर असताना ती चीर दिसणं शक्यच नव्हतं. उजवीकडची अजून मऊ. भोक एवढंसं, त्यामुळे फुल थ्रॉटलला येणाऱ्या हवेपुढे त्याचा हिशोब लागत नाही, पण स्लाइड कमी उघडी असताना तिथला खेच जास्त आणि एकूण हवा कमी, त्यामुळे तेवढ्याने मिश्रण लीन व्हायला पुरतं. दोन्ही टोप्या फेकल्या, पितळेचे छोटे प्लग टर्न करून घट्ट बसवले, आणि डावा एअर स्क्रू आता दीड फेऱ्यावर. उजव्याइतकाच! मी तो परत परत मोजला, नुसता आनंद म्हणून.

इथपर्यंत लिहून झालं आणि आता वेगळाच विचार डोक्यात घुसलाय. ते निप्पल बंद कशाला करायचे, पंपच परत का लावू नये? प्रीमिक्समधे थ्रॉटल मिटून लांब उतार उतरताना पेट्रोल कमी म्हणून तेलही कमी, आरपीएम मात्र चढेच. ऑटोल्यूब आरपीएम आणि थ्रॉटल दोन्हीवर चालतो, मिटल्या थ्रॉटलला क्रँक फिरतोय तोवर थोडं तेल देत राहतो. इतके दिवस मी काढलेला पंप म्हणजे रेसचं लक्षण असं मानत होतो, पण ही गाडी मी रेसला नेत नाही, लांब फिरायला नेतो. पिस्टन उघडायच्या आधी हे सुचलं असतं तर पंप बसतो ते उजवं कव्हर तेव्हाच उतरवलं असतं, असो.

त्यामुळे फोर्ज्ड पिस्टन आणि मोठे कार्ब दोन्ही यादीतून खाली गेले. सध्या हीट सायकल चालू आहेत, इंजिन गरम करायचं, पूर्ण थंड होऊ द्यायचं, हेडचे नट परत टॉर्क करायचे. एक जुना पंप बघून ठेवलाय, प्लंजर मोकळा फिरतो पण नळ्यांच्या टोकाचे चेक व्हॉल्व्ह (तेल एकाच दिशेने जाऊ देणारे) धरतात की नाही माहीत नाही. ज्यांनी ते पंप लावायच्या आधी टेबलावर तपासलेत त्यांनी नक्की कसे तपासले ते सांगा, आणि पहिल्या टाकीला पंपासोबत थोडं प्रीमिक्सही ठेवलं होतं का तेही.