गोव्यात जुगार कुणी खेळायचा? पणजी ते पेडणे, एक चक्कर

गोव्याला निघालो म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो कळंगुट की पाळोळे, आणि मग जरा आवाज खाली आणून दुसरा, कॅसिनोत जाणार का? या वेळी मी हो म्हणूनच निघालो. खेळायची हौस फारशी नाही, पण गोव्याच्या बातम्या वाचायची सवय आहे आणि त्यात दर सहा महिन्यांनी एक बातमी ठरलेली असते, मांडवी नदीतल्या कॅसिनोंना पुन्हा मुदतवाढ, तिच्याखाली ठरलेला विरोध, आणि सहा महिन्यांनी परत तेच. म्हटलं एकदा जाऊन बघू तरी.

पणजीत नदीकाठचा जो रस्ता आहे, बांदोडकर मार्ग, तिथे दिवेलागणीनंतर उभं राहिलं की विषय वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पाठीशी जुनं सचिवालय, म्हणजे आदिलशहाचा वाडा, आणि समोर नदीत कॅसिनोच्या बोटी, जांभळ्या-हिरव्या दिव्यांनी लखलखलेल्या, इतक्या जवळ की वारा बरोबर असेल तर गाणं ऐकू येतं. 2000 सालापर्यंत गोव्याची विधानसभा या वाड्यातच भरायची. म्हणजे जुगाराचा कायदा झाला इथे, त्याला भोकं पाडली गेली तीही इथेच, आणि आता त्या भोकातून आलेल्या बोटी त्याच वाड्यासमोर. नवीन विधानसभा नदीपलीकडे पर्वरीच्या टेकडीवर आहे. बरं झालं, आमदारांना निदान गाणी तरी ऐकू येत नाहीत.

कायद्याची गंमत अशी की 1976 साली गोवा, दमण आणि दीवसाठी सार्वजनिक जुगार कायदा आला तो बंदीचा. मग 1992 मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला परवानगी दिली, 1996 मध्ये बोटीवर टेबल गेम्स. जमिनीवर मशीन, पाण्यावर खरा डीलर आणि खरे पत्ते. पाप जमिनीवर केलं तर लागतं आणि पाण्यात केलं तर वाहून जातं, असा काहीतरी हिशेब असावा. आणि बोट म्हणजे तरी काय, ती कुठे जात नाही, नांगर टाकून तिथेच. तुम्ही छोट्या होडीने तिच्यापर्यंत जायचं.

आणि त्याच 1976 साली आपल्या महाराष्ट्राने काय केलं माहितीये? कॅसिनोला परवानगी देणारा कायदा केला. महाराष्ट्र कॅसिनो नियंत्रण आणि कर कायदा, विधिमंडळात रीतसर मंजूर. पण लागू करायची अधिसूचना कधी निघालीच नाही. तो कायदा तसाच पडून राहिला, मधे पर्यटनाच्या नावाने कुणी ना कुणी तो लागू करा म्हणत राहिलं, शेवटी 2023 साली सरकारने तो रद्दच करून टाकला. म्हणजे बंदीचा कायदा असलेल्या गोव्यात कॅसिनो, आणि परवानगीचा कायदा असलेल्या महाराष्ट्रात एकही नाही. जुगार हा विषय राज्यघटनेत राज्यांच्या यादीत आहे, त्यामुळे देशात प्रत्येक राज्याचा न्याय वेगळा. सिक्कीममध्ये कॅसिनो आहेत, बाकी बऱ्याच ठिकाणी चार जण पैसे लावून पत्ते खेळताना सापडले तर पोलीस उचलतात.

जेट्टीपर्यंत मी पायलटच्या मागे बसून गेलो. गोव्यात न गेलेल्यांसाठी, पायलट म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला, पिवळं मडगार्ड असतं. काका साठीच्या आसपासचे, कॅसिनो म्हटल्यावर आरशातून माझ्याकडे बघून हसले. तुम्ही कधी गेलाय का आत, म्हणून विचारलं तर म्हणाले, “न्हंय आमची, आनी आमकांच भितर सोडिनात.” म्हणजे नदी आमची, आणि आम्हालाच आत सोडत नाहीत. मग मराठीत सगळं सांगितलं. त्यांची भाची बोटीवर डीलर आहे, टेबलामागे उभं राहून पत्ते वाटते, पगार बरा, रात्रपाळी वाईट. पण तीच भाची सुट्टीच्या दिवशी खेळायला गेली तर चालणार नाही, कारण ती गोंयकार, म्हणजे गोव्याचीच. मी विचारलं, बोटी जाव्यात असं वाटतं का? तर म्हणाले जाव्यात, पण भाचीला आधी दुसरी नोकरी लागू दे.

हे खरं आहे. स्थानिकांना बंदीची तरतूद 2012 च्या दुरुस्तीत आली आणि अंमलबजावणी सुरू झाली 1 फेब्रुवारी 2020 पासून, मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांच्या काळात. गोंयकारांनी खेळायचं नाही, फक्त पर्यटकांनी. शिवाय 21 वर्षांच्या आतल्या कुणालाच प्रवेश नाही.

मला हे कलम सगळ्यात जास्त खटकलं, आणि खटकलं ते गोंयकारांच्या वतीने अजिबात नाही, आपल्या वतीने. बघा ना, कॅसिनोचं समर्थन करणारे म्हणतात हे मनोरंजन आहे, पर्यटन आहे, रोजगार आहे. ठीक. मग मनोरंजन आपल्याच लोकांना का नको? कारण सरकारला पक्कं माहितीये की याने घरं बसतात, पगार पहिल्या आठवड्यात संपतात, बायकांचे दागिने गहाण पडतात. गोंयकाराचं घर बसायला नको, पण पुण्याचा, बेळगावचा, हैदराबादचा माणूस येऊन बसला तर त्याचं घर गोव्याच्या मतदारसंघात येत नाही. बंदी घालणाऱ्यांचा हेतू चांगला असेलही, पण हा एवढा स्वच्छ कबुलीजबाब दुसऱ्या कुठल्या कायद्यात मी पाहिला नाही.

तर मी, म्हणजे अधिकृतरीत्या बुडायला परवानगी असलेला माणूस, ओळखपत्र दाखवून आत गेलो. एन्ट्रीचं पॅकेज घ्यावं लागतं, त्यात जेवण, ड्रिंक्स आणि थोड्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजी डावावर लावायच्या चकत्या, ज्या एकदाच लावता येतात, लावून जिंकलात तर जिंकलेलं तुमचं पण त्या चिप्स वटवून पैसे मागता येत नाहीत. आत रुलेट, म्हणजे आकड्यांच्या फिरत्या चाकात गोळी सोडायचा खेळ, ब्लॅकजॅक, बॅकरा, आणि खरी गर्दी कुठे तर अंदर बाहर आणि तीन पत्तीवर, म्हणजे दिवाळीत चुलतभावांबरोबर खेळतो तेच, फक्त समोर वेस्टकोट घातलेली मुलगी. मागच्या टेबलावर “हाण, हाण, बाहेर येतंय” असं शुद्ध कोल्हापुरी ऐकू आल्यावर तर परदेशात आल्याचा उरलासुरला फील पण गेला. 

रुलेटजवळ एक गृहस्थ बराच वेळ पाहिले. चाळिशीचे, इस्त्रीचा शर्ट, हातात छोटी वही, आलेले आकडे लिहून ठेवत होते, आणि त्यावरून पुढचा आकडा काढत होते. गोळीला आधीचे आकडे लक्षात नसतात हे त्यांना कुणी सांगितलं नसेल असं नाही. चाकावर 37 खण, एका आकड्यावर लावलं आणि आला तर 35 पट मिळतात, वर लावलेले परत. तो जो फरक आहे त्यातच कॅसिनोचं पोट, साधारण 2.7 टक्के, प्रत्येक डावाला. फसवणूक करायची गरजच नाही, तुम्ही फक्त बसून राहायचं. त्यांची वही भरत आली आणि चिप्सचा ढीग तेवढ्याच शिस्तीत उतरत गेला, तेव्हा मी जेवायला वरच्या मजल्यावर गेलो.

सरकारचा वाटा मात्र याहून सरळ आहे. ऑक्टोबर 2023 पासून कॅसिनोत 28 टक्के जीएसटी, तोही चिप्सच्या पूर्ण किमतीवर. गोवा आणि सिक्कीमची मागणी होती की कॅसिनोच्या कमाईवर लावा, पूर्ण रकमेवर नको, पण जीएसटी कौन्सिलने ऐकलं नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून तोच कर 40 टक्के झाला. चिप्स विकत घेताना एकदाच लागतो, जिंकलेल्या चिप्स परत लावल्या तर नाही, हे खरं, पण 1000 च्या चिप्सवर 400 कर, मग तो खेळणाऱ्याच्या खिशातून जावो नाहीतर कॅसिनोच्या. टेबलावर बसण्याआधीच सगळ्यात मोठा डाव सरकार जिंकून मोकळं.

आणि 2025 च्याच ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर देशभर बंदी आणली. म्हणजे मोबाईलवर पैशाची रमी खेळणं बंद, आणि मांडवीत होडीने जाऊन तीन पत्ती खेळलात तर कर भरणारे सन्माननीय पर्यटक. मोबाईलवरची बंदी मला स्वतःला पटते, ती रमी पोरांच्या खिशात चोवीस तास होती, बोटीवर जायला निदान गोव्याचं तिकीट काढावं लागतं. पण मग जुगाराने घरं उद्ध्वस्त होतात म्हणणारे पक्ष इकडे दर सहा महिन्यांनी गप्प का होतात?

गप्प होतात म्हणजे सत्तेत आल्यावर. बोटींचे परवाने वाढले तेव्हा काँग्रेस सत्तेत होती आणि भाजप विरोधात, मनोहर पर्रीकर तेव्हा कॅसिनोविरुद्ध रस्त्यावर उतरले होते. 2012 ला भाजप सत्तेत आला, स्वतः पर्रीकर मुख्यमंत्री झाले, बोटी राहिल्या. आता काँग्रेसवाले विरोध करतात. मांडवीतून हलवणार हे वाक्य तर मी इतक्या वेळा वाचलंय की बोटी मनातल्या मनात तीनदा तरी हलून आल्या. हलवायच्या कुठे? एकाला नदी नको, दुसऱ्याला समुद्र परवडत नाही, आणि जमिनीवर आणायच्या म्हटलं की ज्या गावाचं नाव निघतं ते गाव उठतं.

ते गाव म्हणजे सध्या पेडणे तालुका. मोपाचा विमानतळ झाल्यापासून सगळ्यांचे डोळे तिकडे लागलेत, धारगळला मोठ्या रिसॉर्टचा प्रकल्प आणि त्यात कॅसिनो, यावरून वाद चालू आहे. परतताना मी मुद्दाम पणजीहून सावंतवाडीची कदंब, म्हणजे गोव्याची सरकारी बस पकडली, पेडण्यावरून जाते. शेजारी सावंतवाडीचे एक गृहस्थ, पुढच्या सीटवर पेडण्याच्या एक मावशी, फुलांची रिकामी टोपली घेऊन. विषय मीच काढला. गृहस्थ लगेच सुरू झाले की आमच्या सिंधुदुर्गात आणा ना कॅसिनो, एवढा समुद्र आहे, एवढी पोरं गोव्यात कामाला जातात, रोज बाइकवरून येऊन-जाऊन, कायदा होता तोही सरकारने घालवला. मावशी मागे वळल्या. म्हणाल्या, “हाड रे हाड. मटका आसा तुमगेर, तो पुरो ना?” म्हणजे आण रे आण, तुमच्याकडे मटका आहे, तो पुरत नाही का?

गृहस्थ म्हणाले मटका वेगळा, तो बेकायदेशीर. मावशी म्हणाल्या त्यांच्या नवऱ्याला फरक कळला नसता. मग कंडक्टर पण त्यात पडला, त्याचं म्हणणं गोंयकारांवरची बंदी काढून टाका, होऊन जाऊ दे सगळं एकदाच, म्हणजे पर्वरीवाल्यांना कळेल लोक काय म्हणतात ते. पेडणं आलं तरी भांडण मिटलं नव्हतं, मावशी उतरताना टोपली काखेत धरून गृहस्थांना म्हणाल्या, आणा तुमच्याकडे, आम्ही येऊ खेळायला, तुमच्याकडे आम्ही पर्यटक.